ड्रॅगन खेळताना सी३वर नजर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सिसिलियन बचावातल्या ड्रॅगन प्रकाराबद्दल बरीच पत्रे आली आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देत आहोत. मूळ मांडणी अशी: १. ई४ सी५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घो-एफ६ ५. घो-सी३ जी६. पुढे काळ्याचा उंट जी७वर बसतो आणि ए१ ते एच८ हा लांब कर्ण धरतो. लिहिण्याची पद्धत नेहमीचीच: रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ! चांगली खेळी, ? चूक, आकड्यापुढे ... म्हणजे काळ्याची खेळी, ०-० लहान बाजूचे कॅसलिंग आणि ०-०-० मोठ्या बाजूचे. दोन सारखी मोहरी एकाच घरात जाऊ शकत असतील तर निघण्याचे घर कंसात दिले आहे. वाचताना पट मांडून बसा, नुसत्या डोळ्यांनी हे पचणार नाही.

प्रश्न (सांगली): माझा तेरा वर्षांचा मुलगा जिल्हा स्पर्धांमध्ये काळ्याकडून ड्रॅगन खेळतो. पांढऱ्याने मोठ्या बाजूला कॅसलिंग केले की एच स्तंभ उघडतो आणि दहापैकी सात डावांत मुलाला मात बसते. त्याची ओपनिंगची पहिली दहा खेळी तर बरोबर असतात. मग चुकते कुठे?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या तीन डावांत दोनदा दहावी खेळी ए६ आहे आणि अकरावी बी५. चूक तिथेच आहे. ए६ ही नायडॉर्फची, म्हणजे सिसिलियनच्याच दुसऱ्या एका प्रकाराची सवय. ड्रॅगनमध्ये काळ्याची फौज सी स्तंभावरून चालून येते, आणि तिथे ए६ला काहीच काम नसते.

युगोस्लाव्ह अटॅकमध्ये (६. उं-ई३ उं-जी७ ७. एफ३ ०-० ८. व-डी२ घो-सी६ ९. उं-सी४ उं-डी७ १०. ०-०-०) पांढऱ्याची कामे मोजा: एच४, एच५, एच×जी६, उं-एच६, उं×जी७, मग वजीर एच स्तंभावर. सहा खेळ्या. काळ्याची कामे: ह-सी८, घो-ई५, घो-सी४, तिथे पांढऱ्या उंटाने घोडा मारला की ह×सी४, व-ए५, दुसरा हत्ती सी८वर. याही सहाच. दोन्ही बाजू बरोबरीने धावत असताना एक खेळी ए६वर घालवली की पांढऱ्याची मात एक खेळी आधी येते. तुमच्या मुलाच्या दोन्ही डावांत नेमके तेच झाले आहे.

आणखी तीन गोष्टी त्याला पटावर दाखवा.

एफ६चा घोडा हा एच७चा पहारेकरी आहे. तो असेपर्यंत एच७वर मात होत नाही. पांढरा घो-डी५ खेळून त्याला मारायला किंवा जी४-जी५ खेळून हुसकावायला बघतो. म्हणून डी५वर आलेला घोडा मारायचा की नाही हे ठरवण्याआधी, एफ६चा घोडा हलला तर एच७वर कोण पोचतो ते बघायचे.

पांढरा उंट बी३वर असेल आणि मधली सी४, डी५, ई६ ही घरे मोकळी असतील, तर काळ्याचे एफ७चे प्यादे बांधलेले असते. पांढऱ्याने एच×जी६ केल्यावर एफ×जी६ ही खेळी तेव्हा नियमानेच करता येत नाही, कारण राजा उघडा पडतो. मुले हे विसरतात, एफ प्याद्याला हात लावतात आणि पंच ते हलवू देत नाही. ड्रॅगनमध्ये उंट-ई६ला इतकी किंमत आहे ती अंशतः यासाठी.

तिसरी गोष्ट: पांढऱ्याने एच५ ढकलले म्हणून लगेच घो×एच५ करू नये. जी४ येते, घोडा परत एफ६वर जातो, प्यादे तर मिळते, पण एच स्तंभ तुम्हीच उघडून दिलेला असतो. काही मांडण्यांत ते चालते, काहींत नाही. त्याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न (पुणे): कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनॉय, १९७४चा दुसरा डाव. कार्पोव्हने सोळाव्या खेळीला डी४सारख्या जागेवरचा घोडा मागे ई२वर का नेला, आणि कोर्चनॉयचा डाव नेमका कुठे फुटला?

उत्तर: ड्रॅगन शिकणाऱ्या प्रत्येकाने हा एक डाव पाठ करावा, पण खेळ्या पाठ करू नयेत, कारणे पाठ करावीत.

हा कॅन्डिडेट्स स्पर्धेचा, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचा, अंतिम सामना होता, मॉस्कोमध्ये. कार्पोव्ह २३ वर्षांचा, कोर्चनॉय ४३चा. २४ डावांत कार्पोव्हने तीन जिंकले, कोर्चनॉयने दोन, बाकीचे १९ बरोबरीत सुटले. पुढच्या वर्षी तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळायला उतरला नाही आणि कार्पोव्हला जगज्जेतेपद मिळाले. म्हणजे तेव्हा कळले नाही तरी जगज्जेता ठरवणारा सामना हाच ठरला. इतक्या काट्याच्या लढतीत दुसऱ्याच डावात काळ्याकडून ड्रॅगन खेळणे हे धाडसच होते.

मांडणी: ६. उं-ई३ उं-जी७ ७. एफ३ घो-सी६ ८. व-डी२ ०-० ९. उं-सी४ उं-डी७ १०. एच४ ह-सी८ ११. उं-बी३ घो-ई५ १२. ०-०-० घो-सी४ १३. उं×सी४ ह×सी४ १४. एच५ घो×एच५ १५. जी४ घो-एफ६.

इथे थांबा. पांढऱ्याचे एक प्यादे कमी आहे, एच स्तंभ उघडा आहे. पुढची साहजिक खेळी उं-एच६. ती लगेच केली तर? काळा उं×एच६ करेल, पांढऱ्याला व×एच६ करावे लागेल, आणि त्या क्षणी वजीर डी२ सोडून गेलेला असेल. डी२चा वजीर सी३च्या घोड्याला राखत होता. तो गेला की काळा ह×सी३ करून घोडा मारतो, बी२च्या प्याद्याने परत मारावे लागते, पांढऱ्या राजासमोरची भिंत कोसळते आणि व-ए५ने हल्ला उलटतो. जोर दिसतो एच स्तंभावर, पण सगळा डाव सी३च्या घरावर टांगलेला आहे.

म्हणून १६. घो(डी४)-ई२. घोडा दिसायला मागे जातो, पण सी३ला दुसरा राखणदार मिळतो. आता वजीर बिनघोर निघू शकतो. १६...व-ए५ १७. उं-एच६ उं×एच६ १८. व×एच६ ह(एफ८)-सी८.

काळ्याने दोन्ही हत्ती सी स्तंभावर आणले. पांढऱ्याला आता जी५ खेळून एफ६चा घोडा हुसकावायचा आहे. तो एच५वर गेला की ई२च्या घोड्याने जी३ किंवा एफ४वरून त्याला मारायचे. पण ई२चा घोडा हलला की सी३ पुन्हा उघडे! एकच मोहरे दोन कामांना जुंपले आहे. कार्पोव्हने इथे १९. ह-डी३ खेळली. हत्ती तिसऱ्या ओळीवर येऊन सी३ राखतो, आणि घोडा मोकळा होतो. हल्ला ऐन रंगात असताना अशी बिनआवाजी खेळी सुचायला फार वरची समज लागते. मला हीच डावातली सर्वांत मोठी खेळी वाटते, पुढचे बळी तिच्यामुळेच शक्य झाले.

कोर्चनॉयने १९...ह(सी४)-सी५ खेळली आणि डाव तिथे फुटला. दोन कारणे. सी४वरचा हत्ती चौथ्या ओळीवरून ई४च्या प्याद्यावर नजर ठेवून होता. तो गेल्यावर ते प्यादे पुढे सरकायला मोकळे झाले. आणि पाचव्या ओळीवर आलेल्या हत्तीला जी५वरच्या प्याद्याचे आमिष दाखवता आले. १९...उं-ई६ने जास्त तग धरला असता.

२०. जी५! ह×जी५ २१. ह-डी५!

पहिल्या बळीने हत्ती सी स्तंभावरून दूर खेचला, दुसऱ्याने पाचवी ओळ अडवली. घोड्याने हत्ती मारला (२१...घो×डी५) तर पहारेकरी गेला: २२. व×एच७+ रा-एफ८ २३. व-एच८ मात. म्हणून २१...ह×डी५ २२. घो×डी५ ह-ई८. हत्ती ई७ राखायला आला. आता घाई करून २३. घो×एफ६+ केले तर ई×एफ६ने ई७ मोकळे होते, आणि व×एच७+, व-एच८+ या शहांनंतर राजा त्या वाटेने निसटतो. ही चूक स्पर्धेत शंभरातले नव्वद जण करतील. कार्पोव्हने आधी दुसरा घोडा आणला: २३. घो(ई२)-एफ४.

२३...उं-सी६. आता २४. घो×एफ६+ ई×एफ६ २५. घो-एच५ हे मातेचे दिसते, पण २५...व-जी५+ येते. ए५चा वजीर मोकळ्या पाचव्या ओळीवरून थेट जी५वर उतरतो, शह देतो आणि वजिरांची अदलाबदल करून सुटतो. म्हणून २४. ई५! प्यादे द्यायचे, पण ओळ बंद करायची. २४...डी×ई५ केले तर २५. घो×एफ६+ ई×एफ६ २६. घो-एच५ आणि आता वजिराची वाट काळ्याच्याच प्याद्याने अडवलेली, २६...जी×एच५ २७. ह-जी१+ रा-एच८ २८. व-जी७ मात.

प्रत्यक्षात २४...उं×डी५ २५. ई×एफ६ (जी७वर मातेची धमकी) ई×एफ६ २६. व×एच७+ रा-एफ८ २७. व-एच८+ आणि काळ्याने डाव सोडला. २७...रा-ई७ला २८. घो×डी५+ व×डी५ २९. ह-ई१+ आहे, वजीर मध्ये घातला तर वजीर जातो, राजा हलवला तर ई८चा हत्ती.

पहिली दोन प्यादी, मग हत्ती, मग ई प्यादे, प्रत्येक बळीमागे एकच प्रश्न होता: समोरचे कोणते मोहरे कशावर पहारा देते आहे, आणि ते तिथून कसे हलवायचे?

प्रश्न (ठाणे): या डावानंतर ड्रॅगन मोडीत निघाला असे वाचले. मग आजही लोक तो का खेळतात?

उत्तर: मोडीत निघाली ती एक वाट. काळ्याने उत्तर शोधले ते साधे होते: पांढऱ्याने एच४ खेळले की आपणच एच५ खेळून प्यादे अडवायचे. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्र्यू सॉल्टिस यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती साधारण अशी: ९...उं-डी७ १०. ०-०-० ह-सी८ ११. उं-बी३ घो-ई५ १२. एच४ एच५. आता एच स्तंभ उघडायला पांढऱ्याला जी४चे प्यादे द्यावे लागते आणि त्यासाठी तयारीच्या खेळ्या खर्च होतात. १३. उं-जी५ला १३...ह-सी५ हे नेहमीचे उत्तर. हत्ती पाचव्या ओळीवर आडवा पहारा देतो आणि पांढऱ्याची ई५ ही फोड अवघड करतो. वरच्या डावात सी५वरचा हत्ती घातक ठरला आणि इथे तोच हत्ती खांब होतो. फरक एवढाच की इथे एच५वर काळ्याचे प्यादे आहे आणि ई५वर घोडा.

आपल्याला जवळचा दाखला १९९५चा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १०७व्या मजल्यावर विश्वनाथन आनंद आणि गॅरी कास्पारोव्ह जगज्जेतेपदासाठी खेळले. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला, दहावा कास्पारोव्हने. अकराव्यात कास्पारोव्हने काळ्याकडून ड्रॅगन काढला, तोही सॉल्टिस पद्धतीचा. आनंदनेही १५व्या खेळीला घोडा डी४वरून ई२वर नेला, कारण तेच: सी३. विसाव्या खेळीपर्यंत वजीर अदलाबदल होऊन गेले, म्हणजे मातेचा धोका संपला. तरीही डाव काळ्याने जिंकला. ३०. घो-बी६ने आनंदने सी४ आणि सी८ अशा दोन्ही हत्तींवर घोडा टाकला, पण ३०...ह×बी४+ ३१. रा-ए३ ह×सी२! ३२. ह×सी२ केले तर ३२...ह-बी३+ ३३. रा-ए२ ह-ई३+ हा ई६च्या उंटाचा उघडा शह, आणि ई१चा हत्ती पडतो. काळ्याची दोन प्यादी जास्त राहतात. आनंदने डाव सोडला. तो सामना कास्पारोव्हने १०.५–७.५ असा जिंकला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी. ड्रॅगनमध्ये वजीर गेले तरी सी स्तंभावरचे हत्ती आणि पांढऱ्या राजासमोरची बी आणि सी प्यादी यांचा हिशेब चालूच असतो. पांढऱ्याने तिथे सैल पडू नये, काळ्याने आशा सोडू नये.

प्रश्न (नागपूर): हत्ती देऊन सी३चा घोडा घेण्याचा बळी कधी बरोबर आणि कधी अंगाशी येतो? मी प्रत्येक डावात देतो, निम्मे हरतो.

उत्तर: हत्ती पाच, घोडा तीन. एक प्यादे मिळाले तर तोटा एकाचा. तेवढ्यासाठी काय मिळते ते देण्याआधी पाहा.

पहिले, परत मारणार कोण? वजीर किंवा दुसरा घोडा मारू शकत असेल तर बळीचा बहुतेक अर्थच जातो. बी२च्या प्याद्यानेच मारावे लागले पाहिजे. म्हणून पांढरा वजीर एच६वर गेल्यानंतरचा क्षण सर्वांत चांगला.

दुसरे, तुमचा वजीर ए५वर आहे का, किंवा एका खेळीत पोचतो का? नुसती मोडलेली प्यादी मात देत नाहीत, त्यांच्यावर चढायला कोणीतरी जवळ हवे. तिसरे, ए२, सी३, ई४ यांपैकी निदान एक प्यादे लगेच पडते का? चौथे आणि लोक सर्वाधिक विसरतात ते: जी७चा उंट पटावर आहे का? तो असेल तर सी३वर मोडलेली भिंत त्याच्या थेट कर्णावर येते आणि बळी फार बलवान होतो. तो गेला असेल तर पांढऱ्याचा हल्लाही आधीच पुढे गेलेला असतो. तेव्हा बळी द्यायचा तो पांढऱ्याच्या वजिराला परत घरी ओढण्यासाठी, लगेच.

याच कारणाने काही अनुभवी खेळाडू उं-एच६ला उं-एच८ असे उत्तर देऊन एफ८चा हत्ती सोडून देतात, पण काळा उंट राखतात. ड्रॅगनमध्ये तो उंट बऱ्याचदा हत्तीइतका मोलाचा असतो.

प्रश्न (फोंडा, गोवा): सहाव्या खेळीला मी घो-जी४ खेळून ई३च्या उंटावर गेलो आणि मोहरे गमावले. काय झाले समजले नाही. नंतर कुणीतरी ६. एफ४ खेळूनही असेच हरवले.

उत्तर: दोन्हींमागे एकच खाच आहे: बी५वरचा शह.

६. उं-ई३ घो-जी४?? ७. उं-बी५+ आता उं-डी७ खेळून शह अडवला की तो उंट राजाशी बांधला जातो. मग ८. व×जी४. डी७चा उंट जी४ राखतो असे वाटते, पण बांधलेला असल्याने तो हलू शकत नाही. घोडा फुकट. कॅसलिंग करून राजा आधी बाजूला नेल्यावर मात्र घो-जी४ ही खरी धमकी होते, म्हणूनच पांढरा वेळेत एफ३ खेळून जी४चे घर बंद करतो.

६. एफ४ ही लेव्हनफिश पद्धत. ६...उं-जी७ ७. ई५ डी×ई५ ८. एफ×ई५ घो-जी४? ९. उं-बी५+ आणि काळा अडचणीत. ९...उं-डी७ला पुन्हा तेच १०. व×जी४. ९...रा-एफ८ला १०. घो-ई६+! घोडा कशानेही मारला तरी डी स्तंभ उघडा झालेला असतो आणि ११. व×डी८+ वजीर घेऊन जातो. उपाय सोपा आहे, ६...घो-सी६ किंवा ६...घो(बी८)-डी७ खेळून ई५ची फोड आधी धरायची. उं-जी७ नंतर करता येतो.

प्रश्न (नाशिक): पांढऱ्याने ९. उं-सी४ न खेळता ९. ०-०-० केले तर?

उत्तर: तर डी५ खेळा. सी४चा उंट मुख्यतः हीच खेळी थांबवायला असतो. ९...डी५ १०. ई×डी५ घो×डी५ ११. घो×सी६ बी×सी६. प्यादे मिळते म्हणून १२. घो×डी५ सी×डी५ १३. व×डी५ केले तर १३...व-सी७! हत्ती ए८वर तसाच टाकून. १४. व×ए८ उं-एफ५ आणि आता एफ८चा हत्ती पांढऱ्या वजिरावर, शिवाय सी२वर मातेची धमकी. पांढऱ्याला १५. व×एफ८+ रा×एफ८ १६. ह-डी२ करून वजिराच्या बदल्यात दोन हत्ती घ्यावे लागतात. काळ्याला खेळायला उत्तम डाव. जाणकार पांढरा म्हणून १२. उं-डी४ खेळतो, त्यावर १२...ई५ १३. उं-सी५ उं-ई६, पुन्हा एफ८चा हत्ती देऊ करून. तो घेऊ नये, १४. घो-ई४ हीच रूढ वाट.

प्रश्न (इचलकरंजी): जी५ने एफ६च्या घोड्यावर प्यादे आले की घोडा एच५वर न्यावा की ई८वर?

उत्तर: बहुतेक वेळा एच५. तिथे तो एच स्तंभ बुजवतो. ई८वर गेला तर हत्तींच्या मध्ये अडकतो आणि एच७ उघडे राहते. मात्र एच५वर ह×एच५ हा बळी लक्षात ठेवा. १९५८च्या पोर्तोरोज इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) १५ वर्षांच्या फिशरने लार्सनविरुद्ध तेच केले: २२. ह×एच५ जी×एच५ २३. जी६, आणि बी३च्या उंटाने एफ७ बांधलेले असल्याने काळ्याला एफ×जी६ करताच येत नव्हते. ३१व्या खेळीला लार्सनने डाव सोडला. तेव्हा घोडा एच५वर नेण्याआधी एकदा बी३ कडे बघा.

प्रश्न (मुंबई): संगणकाच्या इंजिनावर माझी मांडणी ०.०० दाखवते, तरी मी स्पर्धेत हरतो. तयारी कशी करावी?

उत्तर: त्या शून्याचा अर्थ बरोबर खेळले तर बरोबरी. ड्रॅगनमध्ये तो शून्य पुष्कळदा सलग पाच-सहा एकमेव खेळ्यांवर उभा असतो. एक हुकली की थेट हार. त्यामुळे आकडा न बघता इंजिनाला दुसरी आणि तिसरी पसंती विचारा. त्या लगेच हरत असतील तर ती जागा वहीत लिहून कारणासह शिका: काय हलले आणि काय उघडे पडले.

सरावासाठी कार्पोव्ह-कोर्चनॉय डावातली १८...ह(एफ८)-सी८ नंतरची स्थिती मांडा आणि मित्राबरोबर प्रत्येकी १५ मिनिटांवर खेळा. एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने. पाच-सहा डावांनंतर सी३चा पहारा डोळ्यांत बसतो. मग सॉल्टिस पद्धतीत १२...एच५ नंतरची स्थिती घ्या. पंचवीस खेळ्यांच्या फांद्या घोकण्यापेक्षा हा वेळ जास्त फळतो.

९० मिनिटे आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद अशा घड्याळावर खेळत असाल तर पहिल्या बारा खेळ्या दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हव्यात. वाचवलेला वेळ तीन ठिकाणी खर्च करा: पांढऱ्याने एच५ ढकलले तेव्हा, उं-एच६ झाले तेव्हा आणि जी५ आले तेव्हा. या तिन्ही ठिकाणी खेळी लिहायची घाई नको, पाच-सात मिनिटे गेली तरी चालतील. याउलट काळ्याला वेळ कमी उरला असेल आणि पांढऱ्याला एका खेळीत मात दिसत असेल, तर घोडा एफ६वर आणि वजीर ए५वर ठेवून सी३वरचा बळी तपासा. तो नसेल तरच बचावाकडे वळा.

प्रश्न (सोलापूर): ड्रॅगन हे नाव कशावरून? आणि ४...जी६ लगेच खेळण्यात फायदा आहे का?

उत्तर: काळ्याची एच७, जी६, एफ७, ई७, डी६ ही प्यादी जोडली तर वळणावळणाची आकृती होते. रशियन खेळाडू फ्योदोर दुझ-खोतिमिर्स्की यांना तीत उत्तर आकाशातला ड्रॅको तारकासमूह दिसला. आपण मराठीत त्याला कालेय म्हणतो.

दुसरे: २...घो-सी६ आणि मग ४...जी६ याला वेगवान ड्रॅगन म्हणतात. डी६ला खेळी न दिल्याने पुढे डी५ एका झटक्यात खेळता येते, हा फायदा. तोटा असा की पांढरा ५. सी४ खेळून डी५चे घर आवळून धरतो. मग डाव संथ होतो, दोन्ही बाजूंचे राजे एकाच बाजूला जातात आणि काळ्याला तासभर जागेच्या टंचाईत बसावे लागते. तुमचा स्वभाव वाट पाहण्याचा असेल तर ते घ्या. धावपळ आवडत असेल तर ५...जी६ हाच ड्रॅगन.